फाटकाच्या आत की बाहेर?

परवा आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कायाकल्पची तपासणी होती आणि त्याच दिवशी मला कुत्रं चावलं. हा योगायोग नाही, म्हणून तर डोकं अजून तापलेलं आहे.

कायाकल्प ही २०१५ पासूनची केंद्र सरकारची योजना. सरकारी दवाखाना स्वच्छ ठेवा, सत्तर टक्क्यांच्या पुढे जा, जिल्ह्यात पहिले या आणि दोन लाख रुपये न्या. तपासणीच्या यादीतला मुद्दा पूर्ण असेल तर दोन गुण, अर्धवट असेल तर एक, नाहीतर शून्य. आणि यादीच्या सुरुवातीलाच काय, तर आवारात मोकाट जनावरं दिसता कामा नयेत.

तेवढे दोन गुण वाचवायला शिपायाने सकाळी खराटा घेऊन टिप्याला हाकललं. टिप्या केंद्राचाच. बाळंतिणींच्या डब्यातल्या उरल्यासुरल्या भाकरीवर वाढलेला. हक्काच्या घरातून कुणी काढलं तर माणूससुद्धा चवताळतो. तो सुसाट फाटकाकडे आला, फाटकात मी होतो, आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आलेलो. पोटरीला दात लागले. रक्त नाही आलं, खरचटलं.

"कुठं चावलं?" क्लार्कने विचारलं.

मी पँट वर केली.

"तसं नाही हो. फाटकाच्या आत की बाहेर?"

मला वाटलं, उपचाराचा काही भाग असेल. नव्हता. आत चावलं असेल तर जनावर आवारात होतं असा अर्थ निघतो आणि दोन गुण जातात. बाहेर चावलं असेल तर मी गावातला एक सामान्य श्वानदंश.

"फाटकातच," मी म्हणालो.

"फाटकात असा रकाना नाही."

इथे बाकावरून आबा उठले. आबांबद्दल सांगायलाच हवं. या तपासणीत साहेब लोक पेशंटलाही प्रश्न विचारतात, आणि आबा हे आमच्या केंद्राचे ठरलेले पेशंट आहेत. आधी केंद्र स्वतःच स्वतःला तपासतं, मग शेजारच्या केंद्राचे लोक तपासतात, मग बाहेरचे. आबा तिन्हींना पुरून उरलेत. शुगरच्या गोळ्या घ्यायला यायचं आणि विचारलं की उत्तरं द्यायची. परवा इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"रगताचा कापूस पिवळ्या डब्यात," त्यांनी मला न विचारताच सांगितलं, "सलायनची नळी लालमदी, बाटली काचंची आसंल तर निळ्यात, सुई पांढऱ्या डब्यात. आनि हात सा पायऱ्यांनी धुवायचं." मग पाण्याशिवाय, साबणाशिवाय, त्या सहाही पायऱ्या हवेतल्या हवेत करून दाखवल्या. अंगठ्यापाशी तर असे तल्लीन झाले की मधे बोलायची माझी छाती झाली नाही.

मग ते माझ्या खटल्याकडे वळले. "कुत्र्याचं मागचं पाय आत व्हतं का?"

"होतं."

"आन् त्वांड?"

"माझ्या पोटरीत."

"पोटरी कंच्या पायाची?"

"डाव्या."

"आत कंचा पाय टाकला व्हता?"

"उजवा."

"मंजी डावा भाईर," आबा क्लार्ककडे वळून म्हणाले. "कुत्रं आत आसंना का, चावायचं काम भाईर झालं. लिवा."

क्लार्कने सुटकेचा श्वास सोडून 'सार्वजनिक रस्ता' असं लिहिलं.

कुत्रं चावलं की पहिलं काम म्हणजे जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं. ही माहिती त्याच केंद्राच्या भिंतीवर, नव्या कोऱ्या अक्षरांत लिहिलेली आहे. बेसिनवर नवा साबणही होता. मी हात घातला तर सिस्टर धावत आल्या. "तो नको! टीम येऊन जाऊ दे." शेवटी मागच्या हौदाजवळच्या नळाखाली, भांड्यांच्या साबणाच्या वडीने मी पाय धुतला.

सिस्टरवर माझा राग नाही. बिचाऱ्या आठवडाभर घरी रजिस्टरं नेऊन रकाने भरत होत्या. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. केंद्राला डॉक्टरांची दोन पदं मंजूर आहेत आणि दुसऱ्या खुर्चीत माणूस बसलेला मी पाहिलेला नाही. परवा त्या खुर्चीवर नवा पांढरा टॉवेल होता. इतका स्वच्छ टॉवेल, की आता तिथे कुणाला बसवून तो मळवणं बरं दिसणार नाही. आणि बाह्यरुग्ण विभागात शिरणाऱ्या प्रत्येकाला "आज कशाला आलात?" हा प्रश्न. ताप विचारून येतो का? आम्ही चिखलाच्या पायांनी आलो की पुसलेल्या फरशीचा सत्यानाश होतो, हे मान्य. पण मग पेशंटसुद्धा मोकाट जनावरांच्याच मुद्द्यात घाला, म्हणजे शिपायाला एकाच खराट्यात काम उरकता येईल.

टीम आली. मॅडमनी डबे पाहिले, खुर्चीचा टॉवेल पाहिला, मग माझ्यासमोर थांबून विचारलं, "तुम्हाला काय झालंय?"

क्लार्क, शिपाई, सिस्टर, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं.

"रस्त्याव कुत्रं चावलं," आबा म्हणाले. "हितं आल्याबराबर समद्यांनी इचारपूस केली. समाधानी हायती."

इचारपूस केली होती, हे खोटं म्हणता येईना. मॅडमनी यादीत खूण केली आणि पुढे गेल्या.

गाडी गेल्यावर मी बाही वर करून सिस्टरसमोर बसलो. कातडीत द्यायची लस, दोन्ही दंडांत एकेक थेंबभर. आजचा दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशा चार वाऱ्या. सिस्टरनी फ्रीजमधून बाटली काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली.

"थोडं थांबा. एका बाटलीत चार-पाच जणांचं होतं. एकदा उघडली की आजच्या आज संपवावी लागते. तुमच्या एकट्यासाठी फोडली तर वाया जाईल. अजून दोघंतिघं येऊ द्या."

"कोण येणार?"

"चावलेले."

मी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून गेले होते आणि ओपीडी रिकामी होती, कारण सकाळी सगळ्यांना परत पाठवलं होतं. आबा गोळ्यांची पुडी खिशात घालून निघाले होते. दारातून मागे वळले.

"टिप्या लांब गेला नसंल," ते म्हणाले. "हाक मारू का?"