लाल-पांढऱ्या वायरीची महती

इंदूरच्या आमच्या गाणंवेड्या मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय. सारांश असा, की डिजिटलमध्ये स्वराचे तुकडे होतात, ॲनालॉगमध्ये तो अखंड राहतो. म्हणून सीडी प्लेअर रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या डब्याला) ऑप्टिकलने, म्हणजे डिजिटल आवाज प्रकाशातून नेणाऱ्या वायरीने जोडू नका, ॲनालॉगची लाल-पांढरी वायरच वापरा. रामबागेतल्या एका काकांनी तर ऑप्टिकल वायर काढून माळ्यावर टाकलीसुद्धा.

आधी ते 'तुकडे' बघू. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं असतात, हे खरं. पण स्पीकरकडे पायऱ्या-पायऱ्यांचा आवाज जात नाही. माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि तेवढं सगळं त्या नमुन्यांतून पुन्हा सलग उभं राहतं. अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून सीडीत मींड (स्वरावरून स्वरावर सलग घसरत जाणं) तुटते म्हणायचं, म्हणजे कमालच झाली.

'लाल-पांढरी वायर लावली की शेवटपर्यंत ॲनालॉग.' खरी गंमत इथे आहे. सीडीवरचा माल मुळात डिजिटल. प्लेअर त्याचं ॲनालॉग करून वायरीत सोडतो. सराउंड रिसीव्हर (खोलीभरच्या अनेक स्पीकरांचा) बहुधा ते आत घेतल्या घेतल्या पुन्हा डिजिटल करतो, कारण खर्ज सबवूफरकडे वळवणं, स्पीकरच्या अंतराचा हिशेब, खोलीप्रमाणे दुरुस्ती, हे सगळं तो आकड्यांतच करतो. मग परत ॲनालॉग. ऑप्टिकलने एकदाच रूपांतर होतं, तुमच्या 'शुद्ध' वायरीने तीनदा! हे टाळायला, आलेला आवाज डिजिटल न करता थेट पुढे सोडणारं 'प्युअर डायरेक्ट' बटण असतं. पण ते दाबल्यावर बऱ्याच रिसीव्हरांत सबवूफर मुका होतो आणि छोट्या स्पीकरांवर तंबोऱ्याचा खर्ज पातळ पडतो. साधा स्टीरिओ ॲम्प्लिफायर असेल तर हा प्रश्नच नाही, तिथे खुशाल लाल-पांढरी लावा.

'ॲनालॉग जास्त स्वच्छ.' माझ्याकडे याच वायरीवर आलापाच्या मागे सतत घूंऽऽ असायचं. टीव्हीच्या केबलची पिन उपसली आणि ते क्षणात थांबलं. जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून वायरींत तयार झालेल्या फेऱ्यातून आलेली ५० हर्ट्झची गुणगुण होती ती. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, वीज नाही. त्या वाटेने ही गुणगुण येऊच शकत नाही.

'ऐकून बघा, फरक कळतोच.' मलाही कळला होता. मग इनपुट बदलायला भाच्याला रिमोट देऊन पाठमोरा बसलो. एक इनपुट किंचित मोठ्याने वाजत होतं, आणि जे मोठं तेच कानाला गोड लागतं. दोन्हींचा आवाज सारखा केल्यावर माझी उत्तरं निव्वळ अंदाजपंचे निघाली. भाचा अजून हसतोय.

'प्रोसेसिंगने गाणं बिघडतं', यात मात्र तथ्य आहे. 'हॉल', 'स्टेडियम' असले मोड लावले की डग्गा विहिरीत पडल्यासारखा वाजतो. ते बंद करा. त्यात वायरीचा काय दोष? रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट वेगळी. त्याचा आवाज सुईपासून ॲनालॉग आणि जेमतेम काही मिलिव्होल्टचा, त्याला फोनोचं, म्हणजे असा क्षीण आवाज वाढवून घेणारं इनपुटच हवं. पण तोही सराउंड रिसीव्हरमध्ये शिरला की 'डायरेक्ट'शिवाय बहुधा डिजिटल होतोच.

काकांनी परवा माळ्यावरची वायर खाली काढली. फोन आला, "अरे, ही बसतच नाहीये!" जाऊन पाहिलं. ठेवताना निगुतीने लावलेली प्लॅस्टिकची टोपणं दोन्ही टोकांना तशीच होती.