हीटर थंड हवा फेकतोय? एसीचा गॅस भरू नका

थंडी पडली की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतं: 'गाडीचा हीटर गार हवा देतोय म्हणजे एसीचा गॅस संपलाय, भरून घ्या.' पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या बाबतीत हे साफ चूक. तिथे हीटरची ऊब इंजिनातून येते. तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. गॅसचा यात हातच नाही.

आधी इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघा. कमी असेल तर नुसतं टॉप-अप करून सोडू नका, गळती शोधा. पातळी ठीक आहे, पण हायवेवरही टेम्परेचरचा काटा वर चढत नाही? मग बहुतेक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला मुख्य रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकलाय. किंवा तो गाडीत नाहीच! 'गाडी तापणार नाही' म्हणून काही मेकॅनिक तो चक्क काढून टाकतात आणि त्याचा हिशेब डिसेंबरात चुकता करावा लागतो.

काटा मधोमध असेल तर बॉनेट उघडून केबिनकडे जाणारे हीटरचे दोन होज (रबरी पाइप) चाचपा, फिरत्या पंख्यापासून आणि चटक्यापासून जपून. दोन्ही गरम असतील तर दोष बहुधा हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेचा किंवा तिच्या मोटरचा. एक गरम, एक गार असेल तर कोअर चोंदलाय, कूलंटमध्ये हवा अडकलीय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे.

हीट पंप (एसीसारखाच, पण उलटा चालून केबिन तापवणारी यंत्रणा) असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांत मात्र ऊबही गॅसवरच येते. तिथे तो मेसेज खरा ठरू शकतो.