स्वस्त आहे, पण ओकंबोकं नाही

ब्रिटनमधल्या वेदरस्पून या पबच्या साखळीवर एक लेख वाचला; त्यात तिला 'आत्मा नसलेली स्वस्त साखळी' म्हटलंय. स्वस्त, मान्य. पण रॅम्सगेटला समुद्रकाठच्या जुन्या रॉयल व्हिक्टोरिया पॅव्हिलियनमध्ये बसून बघा, किंवा मँचेस्टरच्या डीन्सगेटवर, जिथे आधी सिनेमागृह होतं. बंद पडलेल्या थिएटरात, बँकेत, पोस्टात पब थाटणं ही साखळीचा संस्थापक टिम मार्टिन याची खोडच आहे (१९७९ साली लंडनच्या मसवेल हिलमध्ये त्याने सुरुवात केली). प्रत्येक शाखेतल्या गालिच्याची नक्षीही वेगळी!

आणि बहुतेक ठिकाणी गाणी लावलेली नसतात, हे तर लेखकाने लिहिलंच नाही. पेन्शनर आजोबा सकाळीच पेपर घेऊन कोपरा धरतात, कॉफीचा मग पुन्हा भरून घेतात. आपल्याकडच्या इराण्याच्या हॉटेलाची आठवण होते.

पिणाऱ्यांनी हातपंपाची रिअल एल, म्हणजे पिंपातच मुरणारी पारंपरिक ब्रिटिश बीअर, घ्यावी. 'कोमट आहे' म्हणून आपली मंडळी नाक मुरडतात, पण ती तळघराच्या तापमानालाच, ११ ते १३ अंशांवर द्यायची असते. फार गार केली तर चव मरते. ५६८ मिलीचा पाइंट जड वाटला तर हाफ मागा, कोणी हसत नाही.

जेवण पोटभरीचं, एवढंच. करीबरोबर भात, नान, पापड येतो, पण तिखटाची अपेक्षा ठेवू नका. फिश अँड चिप्स घ्या आणि मोकळे व्हा.