सिनेटरला घाम कसा फोडावा?

अमेरिकेत बंदूक विकत घेणं सोपं आहे. खरे कष्ट त्यानंतरचे. ती हिसकावून न्यायला कोणीतरी निघालंय, हे रोज सकाळी चहाच्या आत मनाला पटवावं लागतं. डॅलसला घर, दारात दोन गाड्या आणि कपाटात पहिलं पिस्तूल, इथवर प्रगती झालेल्या मराठी बांधवांनीही पुढच्या सूचना वाचायला हरकत नाही. मात्र आधी नागरिकत्व घ्या. ज्याला मत नाही त्याला कुठलाही नेता भीत नाही.

नेत्याकडे जाताना बंदूक घरी ठेवलीत तरी चालेल. (जानेवारी 2020 मध्ये रिचमंडला, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाभोवती, बावीसेक हजार माणसं जमली आणि कित्येक जण खांद्याला रायफल लटकवून आले होते. पण तो हौसेचा भाग.) खरं हत्यार म्हणजे टेलिफोन. कनेक्टिकटमधल्या सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. चार महिन्यांनी, एप्रिल 2013 मध्ये, बंदूक घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासण्याची व्याप्ती वाढवणारी दुरुस्ती सिनेटसमोर आली. जनमत चाचण्यांत दहातले नऊ लोक तिच्या बाजूचे. मतं पडली 54 विरुद्ध 46, आणि लागत होती 60. त्या नऊ जणांनी चाचणीवाल्याला मत सांगितलं आणि ते आपापल्या कामाला लागले. दहाव्याने सिनेटरच्या कचेरीत फोन लावला, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. तुम्ही ते दहावे व्हा. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा विचार करून मत देणाऱ्या माणसाला निवडणुकीत विचारतो कोण?

आता मुख्य सूचना. विरोधकांवर वेळ फुकट घालवू नका, ते तसेही तुमचे नव्हतेच. राग आपल्या माणसांसाठी राखून ठेवा. वरची दुरुस्ती आणणारे सिनेटर मँचिन आणि टूमी हे दोघेही एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशन, बंदूकवाल्यांची बडी संघटना; ती नेत्यांना श्रेणी देते) प्रगतिपुस्तकात 'ए' मिळवलेले विद्यार्थी. मँचिन तर असे की 2010 च्या प्रचाराच्या जाहिरातीत त्यांनी एका विधेयकावरच रायफलीने गोळी झाडली होती. एवढं करूनही माणूस उलटतो, म्हणजे बघा!

धडा शिकवायचा असेल तर कोलोरॅडो बघा. काडतुसांच्या मॅगझिनवर 15 गोळ्यांची मर्यादा आणल्याबद्दल तिथल्या सिनेटचे अध्यक्ष जॉन मॉर्स यांना सप्टेंबर 2013 मध्ये मतदारांनी मुदतीआधीच घरी बसवलं. फरक काहीशे मतांचा. त्याच दिवशी सिनेटर अँजेला हिरोन यांचीही तीच गत झाली आणि पुढे तिसऱ्या सिनेटरबाईंनी पुढचं ओळखून स्वतःच राजीनामा दिला. ही मोहीम स्थानिक मंडळींनी सह्या गोळा करून उभी केली होती आणि समोरच्यांनी कितीतरी पट पैसा ओतला होता. त्यामुळे 'आमच्याकडे पैसे नाहीत' ही सबब यापुढे चालणार नाही.

नेते संपले की संघटनेकडे वळा. एनआरए 1871 साली निघाली ती यादवी युद्धात सैनिकांना नेम धरता येत नव्हता म्हणून. 1934 मध्ये तिचे अध्यक्ष काँग्रेससमोर सांगून आले की, लोकांनी सरसकट शस्त्र बाळगत हिंडणं मला पसंत नाही, त्यावर कडक बंधनं हवीत, परवाना हवा. आज एखाद्या सभेत हे वाक्य उच्चारून पाहा. 1977 मध्ये तर पुढाऱ्यांनी मुख्यालय कोलोरॅडोत हलवून शिकार, निसर्ग वगैरे सात्त्विक विषयांत रमायचं ठरवलं. सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत सभासद नारिंगी टोप्या घालून, वॉकीटॉकी घेऊन आले आणि पहाटेपर्यंत त्यांनी जुनं नेतृत्व उखडून हारलन कार्टर यांच्या हाती कारभार दिला. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत निम्मी माणसं ठराव मांडण्याआधी घरी जातात. ही माणसं पहाटेपर्यंत बसली, हेच त्यांचं भांडवल.

तरीही एनआरए फार नरम वाटत असेल तर गन ओनर्स ऑफ अमेरिका आहे. ही संघटना तडजोड न करण्याबद्दलच वर्गणी मागते. वर्गणी जरूर द्या, आणि ती कुठे जाते हे विचारू नका. एनआरएच्या सभासदांनीही वर्षानुवर्षं विचारलं नाही. अखेर फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने संघटनेचे अनेक वर्षांचे प्रमुख वेन लापिएर यांना 43 लाख डॉलरहून अधिक रक्कम संस्थेला परत करायला सांगितली. त्या काळात त्यांचे सूट बेव्हर्ली हिल्सच्या दुकानातले होते. स्वातंत्र्याचं रक्षण करणाऱ्याने नीटनेटकं राहायला नको का?

जून 2022 मध्ये उवाल्डीच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर सिनेटर जॉन कॉर्निन बंदुकीच्या कायद्यासाठी विरोधी पक्षाशी वाटाघाटींना बसले. ह्यूस्टनला, खुद्द त्यांच्या पक्षाच्या टेक्सास अधिवेशनात, लोकांनी भाषणभर त्यांची हुर्यो उडवली. आदर्श वर्तन! असंच वागा.

अपवाद फक्त एक. फेब्रुवारी 2018 मध्ये ट्रम्प टीव्ही कॅमेऱ्यांसमोर म्हणाले की, आधी बंदुका काढून घ्या, कायद्याची प्रक्रिया नंतर बघू. वर्ष संपायच्या आत त्यांच्या सरकारने बंप स्टॉकवर (रायफलीतून मशीनगनसारख्या भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायचा जोडभाग) बंदीही घातली. अशा वेळी फोनला हात लावायचा नाही. फारच चीड आली तर सरकारी खात्यावर खटला भरा आणि मत पुन्हा त्यांनाच द्या. ती बंदी जून 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन अशी उडवली. त्या सहांतले तिघे ट्रम्प यांनीच नेमलेले, म्हणजे हिशेब चुकता.