व्याख्यानानंतरचा अर्धा तास

मागच्या आठवड्यात अर्धी रजा टाकून तालुक्याच्या एका कॉलेजात व्याख्यान ऐकायला गेले होते. विषय होता जमिनीचं आरोग्य. बाहेर फलकावर वेळ 11 ची. पाहुणे आले पावणेबाराला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, दोन मान्यवरांची मनोगतं. मूळ वक्त्या मॅडम माइकसमोर उभ्या राहिल्या तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पंचवीस मिनिटांत त्यांना आवरतं घ्यावं लागलं.

माझ्या शेजारी एक काका बसले होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला माती परीक्षणाचा रिपोर्ट. घडीवर कागद फाटायला आला होता, इतक्यांदा तो उघडला असणार. व्याख्यान संपताच त्यांनी हात वर केला. सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत," आणि आभार सुरू झाले. काकांनी हात खाली घेतला. तेव्हापासून माझ्या मनातून तो हात जात नाही.

विद्यापीठाच्या व्याख्यानांवर माझा फार जीव आहे, म्हणून लिहितेय. पुणे विद्यापीठ 1949 साली उभं राहिलं, त्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. बहिःशाल शिक्षण मंडळाची गावोगावच्या कॉलेजांत होणारी व्याख्यानमाला त्यांच्याच नावाने चालते. बहिःशाल म्हणजे शाळेच्या बाहेर. ज्याला विद्यापीठाची पायरी चढता आली नाही, त्याच्या दारी विद्यापीठाने जायचं, हा केवढा मोठा विचार! आणि आपण ती व्याख्यानं ठेवतो कधी, तर सकाळी 11 ला, जेव्हा शेतकरी रानात असतो आणि बाई मजुरीवर. मग खुर्च्या भरायला अकरावीची पोरं तास सोडवून आणून बसवायची. बिचारी कंटाळतात. त्यांचा दोष नाही.

चांगलं व्याख्यान काय करू शकतं हे पुण्याने पाहिलंय. 29 जानेवारी 1939 ला गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात डॉ. आंबेडकरांनी ब्रिटिशांनी केलेल्या 1935 च्या भारत सरकार कायद्यातली संघराज्याची योजना कलम-कलम सोलून समोर ठेवली. ते भाषण त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापून आलं, म्हणून आज आपल्याला वाचता येतं. आपल्याकडे किती व्याख्यानांची साधी टिपणं तरी उरतात? फोटो मात्र सत्काराचे शंभर निघतात.

आणि नारळीकर सर. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी करणारा हा माणूस. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. जगभर मान असलेल्या शास्त्रज्ञाला मुलांच्या प्रश्नासाठी वेळ होता. मग आपल्याला का नसावा?

माझं मागणं फार नाही. सत्कार एकच, तोही दोन मिनिटांत. व्याख्यान संध्याकाळी सातला, जमल्यास गावातल्या समाजमंदिरात. आणि पत्रिकेत 'प्रश्नोत्तरे : 30 मिनिटे' असं छापायचं. छापलं की पाळावं लागतं. बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं कराच. तुमच्यापैकी जे प्राध्यापक आयोजनात असतात, त्यांना हात जोडून सांगते.

त्या दिवशी जेवणाला बोलावणं आलं तरी मॅडम गेल्या नाहीत. गाडीजवळ त्यांनी काकांना गाठलं. गाडीच्या बॉनेटवर रिपोर्ट पसरला, सामू म्हणजे मातीची आम्लता बघितली, मातीत क्षार किती ते सांगणारी विद्युत वाहकता बघितली, सोडियमच्या आकड्यावर बोट ठेवलं. काकांना दुकानदाराने जिप्सम टाकायला सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमची जमीन क्षारयुक्त आहे, पण अजून चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट, झालेली नाही. जिप्समवर पैसे घालू नका. आधी चर काढा, पाण्याचा निचरा होऊ द्या. उसाला पाणी किती देता?"

मग काका बोलू लागले. पाटाची पाळी, खालच्या अंगाला साठणारं पाणी, तीन वर्षांत घटत गेलेला उतारा. मॅडमनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने शेताचा उतार काढला आणि चर कुठून कुठे घ्यायचा ते दाखवलं. वीस मिनिटं गेली. बघता बघता आठ-दहा माणसं भोवती जमली. त्यातल्या दोघांच्या हातात आपापले रिपोर्ट होते.