१.४१ की १.५७? वाशीकरांच्या कमेंटला उत्तर

वाशीकर दादा, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की अंतर दुप्पट झालं की वेळ रूट टू पट होतो, म्हणजे १.४१, हे अकरावीच्या पोरालाही कळतं, आणि मी उभ्या गाडीने सुटून घेतलेल्या २०१ मीटरच्या टायमिंगवरून ४०२ मीटरचं काढताना जो १.५५ ने गुणाकार केला तो आकडा अमेरिकन गाड्यांचा, आपल्या प्रीमियर पद्मिनी गाडीला कशाला? यातलं अर्धं बरोबर आहे, पण ज्या अर्ध्यावर तुम्ही चिडलायत ते नाही.

रूट टू कधी येतं, तर गाडी शेवटपर्यंत एकाच पिकअपने खेचत राहिली तर. आता पद्मिनीत बसलेल्या कोणालाही विचारा, पहिल्या गिअरचा जोर तिसऱ्यात असतो का? इंजिनाची पॉवर तेवढीच, स्पीड वाढत गेला की ढकलणारा जोर कमी कमी होत जातो. पॉवर कायम धरून गणित केलं तर अंतर दुप्पट, वेळ १.५९ पट. त्यात स्टार्टला क्लच सोडताना, टायर घसरताना जो वेळ वाया जातो तो दोन्ही टायमिंगमध्ये सारखाच मिसळतो म्हणून आकडा थोडा खाली येतो, १.५५ तिथून आलाय, हवेतून नाही.

आता माझी पद्मिनी. एका खाजगी धावपट्टीवर २०१ मीटरला १४.२ सेकंद, ४०२ ला २२.३. तुमच्या हिशोबाने ४०२ ला २०.१ यायला हवे होते, म्हणजे दुसरे २०१ मीटर ५.९ सेकंदात, म्हणजे ताशी सरासरी १२३ किलोमीटरचा स्पीड. अहो, उतारावर मागून वारा असला तरच हिचा काटा तिथे जाईल! खरे लागले ८.१ सेकंद, सरासरी ८९, आणि लाईन ओलांडताना काटा शंभरच्या अलीकडेच थरथरत होता.

पण २२.३ भागिले १४.२ म्हणजे १.५७, आणि मी १.५५ लावून २२.० लिहिलं होतं. ०.३ सेकंदाने चुकलो, मान्य. ४० च्या आसपास हॉर्सपॉवरची गाडी टायर घसरवू शकत नाही आणि पुढे हवा तिला जास्त धरते, तेव्हा जुन्या हळू गाड्यांना १.५७ च धरा, तुमचा 'अमेरिकन' टोमणा इथे लागू पडला.

टायमिंग मोजणाऱ्या मोबाईल अॅपबद्दल एक राहिलं. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, घड्याळ सुरू होतं ते पुढचं चाक स्टार्टच्या प्रकाशकिरणातून (बीम) बाहेर पडल्यावर, म्हणजे गाडी साधारण फूटभर सरकल्यावर. अॅप गाडी हलली की सुरू. पद्मिनीला तो एक फूट जायलाच पाव ते अर्धा सेकंद लागतो, म्हणून स्ट्रिपचं आणि अॅपचं टायमिंग एका माळेत ओवू नका.

आणि तुम्ही ज्या टॉप फ्युएलच्या (अमेरिकन ड्रॅग रेसिंगमधल्या सर्वात वेगवान गाड्यांच्या) रेकॉर्डशी तुलना केलीत, तिथे २००८ पासून १३२० फूट (४०२ मीटर) नाही, १००० फूटच पळवतात, स्कॉट कालिटा या ड्रायव्हरच्या अपघातानंतर कमी केलं. त्यामुळे ती तुलना सोडाच.

नवी मुंबईचा पाम बीच रोड पहाटे मोकळा असतो, तिथे एकदा मोजून दाखवा म्हणालात. नको. पब्लिक रोडवर रेस लावणं हा गुन्हा आहे हे तर आहेच, पण माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि शंभरवरून थांबताना ती आधी डावीकडे ओढते, मग थांबते.