ताजला लग्न आणि गोरज मुहूर्त

रविवारी कट्ट्यावर मंद्या आला तोच तोंड पाडून. भाचीचं लग्न ठरलंय, मुलगा अलिबागचा, आणि पोरीने हट्ट धरलाय: लग्न ताज हॉटेलातच. मुंबईच्या, अपोलो बंदरच्या.

"तिथल्या एका ताटात आपली अख्खी पंगत उठते," बाळ्याने निकाल दिला. "मठ्ठा-जिलबीला पंचतारांकित कशाला? गिरगावात कार्यालयं संपली का?"

असं कोणी बोललं की अव्याला चेव येतो. "अरे, १६ डिसेंबर १९०३ ला उघडलंय ते! समोरचा गेटवे ऑफ इंडिया १९२४ चा. म्हणजे हॉटेल त्याच्यापेक्षा २१ वर्षांनी मोठं. पहिल्या महायुद्धात तिथे ६०० खाटांचं इस्पितळ होतं. आणि मूळ आराखडा कोणाचा? सीताराम खंडेराव वैद्य! आपल्या माणसाच्या वास्तूत मठ्ठा प्यायला लाज कसली?"

"वैद्य मधेच वारले, पुढचं काम चेंबर्स साहेबाने पुरं केलं," मी म्हटलं. "आणि इमारत उलटी बांधली म्हणून आर्किटेक्टने जीव दिला, ही लोणकढी आता सोडू नकोस." अव्या तीच सोडणार होता, हे त्याच्या तोंडावर दिसलं. मूळ दार शहराच्या अंगालाच होतं, आज पोहण्याचा तलाव आहे तिथे. उलटंबिलटं काही नाही.

"वरात?" बाळ्या हटेना. "२६/११ पासून तिथे डिकी उघडून दाखवावी लागते. घोड्याची काय दाखवणार? व्हिक्टोरिया घोडागाड्यासुद्धा कोर्टाने बंद केल्या."

मंद्याने मुकाट मोबाइल पुढे केला. भाचीने चित्र पाठवलं होतं: गोरज मुहूर्त, अंतरपाट, आणि मागे समुद्रात बुडणारा केशरी सूर्य.

बाळ्याने ते बोटांनी मोठं करून पाहिलं. मग चहाचा ग्लास कठड्यावर ठेवला. "मंद्या, हा सूर्य कुठून आणलास? गेटवेला पाणी पूर्वेला आहे. तिथे सूर्य पाण्यातून वर येतो. संध्याकाळी तो हॉटेलच्या पाठीमागे, आपल्या चौपाटीच्या अंगाला जातो."

सगळे गप्प. इतकी वर्षं तिथल्या कठड्यावर बसून शेंगदाणे खाल्ले, कबुतरांना शिव्या घातल्या, पण सूर्य कुठे जातो हे एकाने पाहिलं नव्हतं. मीही नाही, खोटं कशाला बोलू.

अव्या मात्र खुलला. "मग सकाळचा मुहूर्त धरा! मुलाकडचं वऱ्हाड अलिबागजवळच्या मांडव्याहून पहिल्या लाँचने तासाभरात गेटवेला. जेट्टीवरून उतरले की समोर हॉटेल. नवरदेव पाण्यावरून येतोय, मुंडावळ्या वाऱ्यावर उडतायत... घोड्याची गरजच काय?"

हे बाळ्यालाही पटलं, पण कबूल कसं करणार? "लाँचमध्ये करवलीला बोट लागली तर शालू कोण धुणार?" एवढंच पुटपुटला. मंद्याचा चेहरा उजळला. फोन कानाला लावणार, तेवढ्यात मला सहज सुचलं.

"तारीख काय काढलीये?"

"जूनअखेर. आषाढ लागायच्या आत."

"पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. वऱ्हाड येणार रस्त्याने, वडखळच्या कोंडीतून."

वडखळ म्हटल्यावर कोणी बोललंच नाही. मंद्याने फोन लावला, पण भाचीला नाही. गुरुजींना.